स्क्रिप्टमधून ब्राउझरमध्ये ऑडिओ वाजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत वाचनकट्टे, गाण्याचे क्लास, व्याख्यानमाला भरवणारी मंडळं, दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे स्वयंसेवक अशा कितीतरी जणांनी आपली ध्वनिमुद्रणं वेबसाइटवर ठेवली आहेत. साइट बहुतेक पीएचपीवर, होस्टिंग स्वस्तातलं आणि सांभाळणारा माणूस नोकरी करून रात्री वेळ काढणारा. या मंडळींकडून मला जे फिरून फिरून विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं पीएचपीची आहेत, पण मूळ नियम एचटीटीपीचे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीचे, असल्यामुळे पायथन किंवा नोडवरही हेच घडतं. हेडर (मागणीसोबत किंवा उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

फाइलचा थेट दुवा दिला तर काय बिघडतं? मध्ये स्क्रिप्ट हवीच कशाला?

ध्वनिमुद्रण सगळ्यांसाठी खुलं असेल तर थेट दुवाच उत्तम. अपाचे, एनजिनेक्स, लाइटस्पीड या सर्व्हरना एमपीथ्री फाइल कशी द्यायची हे आधीपासून चोख येतं. मागितलेला तुकडाच देणं, फाइलचा प्रकार सांगणं, न बदललेली फाइल पुन्हा न पाठवणं, हे सगळं ते आपणहून करतात. स्क्रिप्ट मध्ये आली की यातलं प्रत्येक काम तुमच्या गळ्यात पडतं.

सभासदत्व तपासायचं असेल, फी भरलेल्या विद्यार्थ्यांपुरतंच रेकॉर्डिंग ठेवायचं असेल किंवा ठरावीक मुदतीनंतर दुवा बंद करायचा असेल, तरच स्क्रिप्ट लागते. किती जणांनी ऐकलं एवढंच मोजायला ती लिहू नका. त्याबद्दल अगदी शेवटी लिहिलं आहे.

लॅपटॉपवर क्रोममध्ये छान वाजतं, पण आईच्या आयफोनवर प्ले दाबलं तरी हूं की चूं नाही. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सफारी फाइल मागण्याआधी सर्व्हरची परीक्षा घेते. तिच्या पहिल्या मागणीत ‘रेंज’ नावाचा हेडर असतो आणि त्यात लिहिलेलं असतं ‘बाइट्स=०-१’. म्हणजे फाइलचे पहिले दोनच बाइट द्या. समजा तुमची फाइल २,८८,००,००० बाइटची आहे. मग बरोबर उत्तर असं: स्टेटस कोड २०६ (म्हणजे ‘मागितलेला तुकडा देतोय’), ‘कंटेंट-रेंज’मध्ये ‘बाइट्स ०-१/२८८०००००’, ‘कंटेंट-लेंग्थ’ २ आणि त्यामागोमाग खरोखर दोनच बाइट. एवढ्यावरून सफारीला कळतं की हा सर्व्हर हवा तो तुकडा देऊ शकतो आणि पूर्ण फाइल केवढी आहे. मग ती पुढचे मोठे तुकडे मागायला लागते.

तुमची स्क्रिप्ट बहुधा रेंज हेडरकडे बघतच नाही. दोन बाइट मागितले तरी ती स्टेटस २०० (म्हणजे ‘पूर्ण फाइल’) देऊन सगळी फाइल ओतायला लागते. क्रोम आणि फायरफॉक्स ते चालवून घेतात, सफारी तिथेच थांबते. पानावर चुकीचा संदेश येत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्येही २०० म्हणजे सगळं आलबेल दिसतं. म्हणून माणूस दिवसचे दिवस एमपीथ्रीच्या एन्कोडिंगवर शंका घेत बसतो.

आयफोनवर क्रोम टाकून बघण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आयफोनवरचे सगळे ब्राउझर आतून ॲपलच्या वेबकिट या इंजिनावरच चालतात, त्यामुळे तिथलं क्रोमही सफारीसारखंच वागतं. पुढेमागे हीच ध्वनिमुद्रणं पॉडकास्ट म्हणून द्यायची असतील, तर तुकड्यांच्या मागणीला उत्तर देता येणं ही ॲपल पॉडकास्ट्सचीही अट आहे.

वाजतं, पण मध्येच पुढे सरकवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दुखणं तेच. इथे आकडे मांडून पाहू, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. ६४ केबीपीएसची एमपीथ्री म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. एक तासाच्या व्याख्यानाचे झाले २,८८,००,००० बाइट. श्रोत्याने पट्टी ४० व्या मिनिटावर नेली की ब्राउझर हिशेब करतो: ४० गुणिले ६० गुणिले ८,००० म्हणजे १,९२,००,०००. मग मागणी जाते ‘बाइट्स=१९२०००००-’, शेवटचा आकडा रिकामा, म्हणजे इथून शेवटपर्यंत. उत्तरात ‘कंटेंट-रेंज’ हवा ‘बाइट्स १९२०००००-२८७९९९९९/२८८०००००’ आणि ‘कंटेंट-लेंग्थ’ ९६०००००.

स्क्रिप्टने याऐवजी पुन्हा पूर्ण फाइल पाठवली, तर तोवर जेवढा भाग उतरला असेल त्यापलीकडे क्रोमला जाता येत नाही आणि पट्टी शून्यावर येते.

हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ही ध्वनिमुद्रणं ऐकतं कोण, ते बघा. डोळ्यांनी वाचणं अवघड झालेले ज्येष्ठ, स्क्रीन रीडर वापरणारे श्रोते, कालच्या तालमीतली एकच तान दहा वेळा ऐकणारी मुलगी. यांचं ऐकणं म्हणजे सारखं मागेपुढे करणंच असतं. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये नेटवर्क तुटलं आणि परत आलं, की ब्राउझर तुटलेल्या जागेपासून पुढचा तुकडा मागतो. तो मिळाला नाही तर ऐरोलीपर्यंत ऐकलेलं घणसोलीला पुन्हा ‘नमस्कार’पासून ऐकावं लागतं. दोनदा असं झालं की माणूस ऐकणं सोडून देतो, आणि तक्रारही करत नाही.

रेंजचा कोड मी स्वतः लिहिला आहे. काय काय तपासू?

आधी मोजणी. रेंजमधले दोन्ही आकडे धरून मोजायचे असतात. ‘०-४९९’ म्हणजे ५०० बाइट. लांबी काढताना शेवट वजा सुरुवात अधिक एक. हा ‘अधिक एक’ राहिला की प्रत्येक तुकड्याला एक बाइट कमी पडतो आणि ब्राउझर शेवटच्या बाइटची वाट बघत बसतो.

मग मागणीची तीन रूपं. दोन्ही आकडे असलेलं, शेवटचा आकडा नसलेलं आणि सुरुवातीचा आकडा नसलेलं. तिसऱ्यात बरेच जण फसतात. ‘बाइट्स=-५००’ याचा अर्थ शून्यापासून पाचशेपर्यंत असा होत नाही, फाइलचे शेवटचे ५०० बाइट असा होतो. शेवटचा आकडा फाइलच्या लांबीपेक्षा मोठा आला तर तो लांबी वजा एकवर आणायचा. सुरुवातच फाइलच्या बाहेर असेल तर ४१६ (म्हणजे ‘असा तुकडा नाही’) हा कोड द्यायचा आणि सोबत ‘कंटेंट-रेंज’मध्ये ‘बाइट्स */२८८०००००’ असं एकूण माप कळवायचं.

स्वल्पविराम देऊन एकाच वेळी अनेक तुकडे मागण्याचीही सोय नियमात आहे. तिच्या मागे लागू नका. ऑडिओ प्लेअर एका वेळी एकच तुकडा मागतात आणि अशी अनेक तुकड्यांची मागणी आलीच तर रेंज हेडर दुर्लक्षून २०० ने पूर्ण फाइल देण्याची मुभा सर्व्हरला आहे. एचटीटीपीचे नियम सांगणाऱ्या २०२२ च्या आरएफसी ९११० या दस्तऐवजात हे सगळं नेमक्या शब्दांत आहे. तो भाग लांबलचक नाही, एकदा वाचाच.

पाठवताना ‘एफसीक’ने सुरुवातीच्या जागी जाऊन ‘एफरीड’ने ८,१९२ बाइटचे घोट घेत पुढे जा आणि शेवटचा घोट उरलेल्या बाइटांएवढाच घ्या. प्रत्येक फेरीत श्रोता अजून जोडलेला आहे का ते ‘कनेक्शन-अबॉर्टेड’ने बघा. ‘हेड’ प्रकारची मागणी आली तर फक्त हेडर देऊन बाहेर पडा.

कंटेंट-टाइपमध्ये काय लिहू?

एमपीथ्रीला ‘ऑडिओ/एमपेग’, एमफोरएला ‘ऑडिओ/एमपीफोर’, ऑग आणि ओपसला ‘ऑडिओ/ऑग’. काहीच लिहिलं नाही तर पीएचपी स्वतःहून ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ लावतं. मग दुवा थेट उघडणाऱ्याला पडदाभर अगम्य अक्षरं दिसतात.

वाजण्याऐवजी फाइल डाउनलोड होते.

‘कंटेंट-डिस्पोझिशन’मध्ये ‘अटॅचमेंट’ आहे, तिथे ‘इनलाइन’ करा. कुठूनतरी उचललेल्या डाउनलोड स्क्रिप्टमध्ये हा शब्द आणि सोबत ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ हा प्रकार हमखास असतो. दोन्ही बदला.

फाइल सर्व्हरवर नीट आहे, पण स्क्रिप्टमधून आली की बिघडते. लॉगमध्ये ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ दिसतं.

फाइलच्या आधी काहीतरी आगंतुक बाहेर पडतंय. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एखादी रिकामी ओळ असते, शेवटच्या खुणेनंतर स्पेस असते, किंवा जोडलेल्या एखाद्या फाइलच्या तोंडाशी बीओएम असतो. हा बीओएम म्हणजे यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला काही एडिटर गुपचूप घालतात ते तीन बाइट. स्क्रीनवर ते दिसत नाहीत. पण तेवढ्याने सगळी फाइल तीन बाइट पुढे सरकते, तुम्ही सांगितलेल्या लांबीत शेवटचे तीन बाइट मावत नाहीत आणि तुकड्यांचे सांधे जुळत नाहीत. मराठी मजकूर असलेल्या कॉन्फिग फाइली २०१९ पूर्वीच्या विंडोजमधल्या नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केल्या की हे हटकून व्हायचं. ‘यूटीएफ-८, बीओएमशिवाय’ असं सेव्ह करा आणि पीएचपीची शेवटची खूण लिहूच नका. तिची गरज नसते.

याच्याच जोडीला कॉम्प्रेशन बघा. सर्व्हर जाता जाता जीझिप करत असेल तर तुम्ही सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष गेलेले बाइट जुळत नाहीत. एमपीथ्री आधीच दाबलेली असते, तिला पुन्हा दाबून काही मिळत नाही. ऑडिओच्या स्क्रिप्टपुरतं ते बंद ठेवा.

मोठी फाइल मध्येच तुटते. मेमरी लिमिट वाढवू का?

नको. आधी ‘फाइल-गेट-कंटेंट्स’ काढून टाका. ते फंक्शन अख्खी फाइल मेमरीत भरतं. सीडीच्या दर्जाची एक तासाची वेव्ह फाइल ६३५ एमबीची होते आणि पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी आहे. ‘रीडफाइल’ असं करत नाही, पण आउटपुट बफरिंग (पाठवायचा मजकूर आधी मेमरीत साठवणं) चालू असेल तर ते बफर फुगत जातं. म्हणून पाठवण्याआधी उघडे असलेले सगळे बफर बंद करा.

वेळेच्या मर्यादेचंही असंच. लिनक्सवर ‘मॅक्स-एक्झिक्युशन-टाइम’ फाइल वाचण्या-पाठवण्यात गेलेला वेळ धरत नाही, त्यामुळे ती वाढवून फरक पडत नाही. एफपीएमची (पीएचपीच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थापकाची) ‘रिक्वेस्ट-टर्मिनेट-टाइमआउट’ मात्र घड्याळ लावून मोजते. गाणं नेमकं तेवढ्याच मिनिटांनी तुटत असेल तर तिथे बघा.

एखाद्याने ऐकायला सुरुवात केली की त्याच्यासाठी साइटची बाकीची पानं उघडत नाहीत. दुसऱ्यांना काही त्रास नाही.

सेशनचं कुलूप. ‘सेशन-स्टार्ट’ म्हटलं की पीएचपी त्या माणसाची सेशन फाइल (त्याच्या लॉग-इनची नोंद) अडवून ठेवतं आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत सोडत नाही. तुमची स्क्रिप्ट व्याख्यान पाठवण्यात गुंतलेली असते, तोवर त्याच माणसाचं दुसरं पान दाराशी ताटकळतं. सभासद ओळखून झाला की लगेच ‘सेशन-राइट-क्लोज’ करा आणि मगच फाइल पाठवा. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ नसलेल्या साइटबद्दल लोक ‘तुमचं नेट स्लो आहे’ असं वर्षानुवर्षं ऐकून घेतात.

सेशनमुळे अजून एक होतं. पीएचपी आपल्याकडून ‘नो-स्टोअर’चा, म्हणजे ‘साठवून ठेवू नका’ सांगणारा, हेडर लावतं. उत्तराच्या हेडरमध्ये ‘एक्सपायर्स’पुढे १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीख दिसली तर ती इथूनच आलेली असते. परिणाम असा की तेच गाणं दुसऱ्यांदा लावलं तरी पुन्हा पूर्ण उतरतं आणि डेटा श्रोत्याचा जातो. सभासदांसाठीच्या फाइलला ‘कॅश-कंट्रोल: प्रायव्हेट’ आणि वाजवी मुदत द्या. सोबत फाइलच्या आवृत्तीची खूण असलेला ‘ईटॅग’ही द्या, म्हणजे त्याच नावाने नवी फाइल चढवलीत तर अर्धा जुना अर्धा नवा असा आवाज जोडला जाणार नाही.

पन्नासेक जण एकदम ऐकायला लागले की साइटच बसते. मोठा सर्व्हर घ्यावा का?

थांबा. आधी पैसे वाचवू.

पीएचपी-एफपीएममध्ये एका वेळी ठरावीकच वर्कर (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रक्रिया) काम करतात. नुसतं इन्स्टॉल करून सोडलं तर नमुना कॉन्फिगमध्ये हा आकडा ५ असतो. फाइल हळूहळू पाठवणारी स्क्रिप्ट असेल तर एकेक श्रोता एकेक वर्कर अडवून बसतो. पाच जण निवांत ऐकतायत आणि सहाव्याला मुखपृष्ठसुद्धा उघडत नाही. प्रोसेसर मात्र रिकामाच असतो.

यावरचा उपाय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. सोसायटीचा वॉचमन नाव विचारतो, वहीत नोंद करतो आणि आत सोडतो, पाहुण्याची बॅग चौथ्या मजल्यावर नेऊन देत नाही. स्क्रिप्टलाही तेवढंच काम द्या. सभासद आहे का, फाइल त्याला ऐकायची परवानगी आहे का, हे तपासायचं आणि मग वेब सर्व्हरला सांगायचं की ही फाइल याला दे.

एनजिनेक्समध्ये यासाठी ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ हा हेडर आहे. कॉन्फिगमध्ये एक ‘लोकेशन’ लिहायचं, त्याला ‘इंटर्नल’ म्हणून खूण करायची आणि ‘एलियास’ने ते ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरकडे वळवायचं. ‘इंटर्नल’ असल्यामुळे बाहेरून कुणी तो पत्ता टाइप केला तर त्याला ४०४ (‘पान सापडलं नाही’) मिळतो. स्क्रिप्टने उत्तरात त्या आतल्या पत्त्याचा हेडर दिला की एनजिनेक्स तो काढून घेतं आणि फाइल स्वतः पाठवतं. पीएचपीचा वर्कर काही मिलिसेकंदांत मोकळा होतो. वरच्या चार-पाच प्रश्नांत आलेलं रेंज, ४१६, हेड, मेमरी हे सगळं तुमच्या डोक्यावरून उतरतं, कारण आता ते काम वर्षानुवर्षं ते करत आलेल्या सॉफ्टवेअरकडे गेलं.

फक्त एक ध्यानात ठेवा. स्क्रिप्टने लावलेला कंटेंट-टाइप एनजिनेक्स तसाच पुढे नेतं. तुम्ही काही लावला नाहीत तर पीएचपीचा तो ‘टेक्स्ट/एचटीएमएल’च पुढे जातो. तेव्हा प्रकार लावा आणि लांबी लावू नका, ती एनजिनेक्स लावेल.

अपाचेवर ‘मॉड-एक्ससेंडफाइल’ हे वेगळं मॉड्यूल बसवावं लागतं आणि हेडरचं नाव ‘एक्स-सेंडफाइल’.

आमचं शेअर्ड होस्टिंग आहे. कॉन्फिगला हात लावता येत नाही.

होस्ट लाइटस्पीड वापरतो का ते आधी विचारा. स्वस्तातल्या होस्टिंगवर तो बऱ्याच ठिकाणी असतो आणि त्याचा स्वतःचा ‘एक्स-लाइटस्पीड-लोकेशन’ हेडर हेच काम करतो. तो नसेल तर फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फक्त फाइली ठेवण्याच्या क्लाउड सेवेवर) ठेवा आणि स्क्रिप्टमधून मुदतीचा सही केलेला दुवा बनवून द्या. अशा स्टोरेजला रेंज वगैरे सगळं येतं. दुव्याची मुदत मात्र ध्वनिमुद्रणाच्या लांबीपेक्षा चांगली ऐसपैस ठेवा. पाच मिनिटांचा दुवा दिलात तर सहाव्या मिनिटाला पट्टी सरकवणाऱ्याला ४०३ (‘परवानगी नाही’) मिळेल.

सर्व्हर नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये असला तर फायदा होतो का?

थोडा, आणि तो पट्टी सरकवताना जाणवतो. प्रत्येक सरकवणं म्हणजे नवी मागणी. ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि नवं कनेक्शन उघडावं लागलं तर अशा दोन-तीन फेऱ्या होतात. महापे-रबाळे-ऐरोली पट्ट्यात डेटा सेंटरची दाटी आहे, तिथला सर्व्हर आपल्या श्रोत्याला त्याच्या अंशभर वेळात उत्तर देतो. सलग ऐकताना काही फरक पडत नाही, कारण सेकंदाला ८,००० बाइट कुठूनही येतात. स्क्रिप्ट रेंज ओळखत नसेल तर सर्व्हर शेजारच्या इमारतीत असूनही उपयोग नाही.

स्क्रिप्टला फाइलचं नाव पत्त्यातूनच देतो. चालेल ना?

अजिबात नाही. कुणीतरी नावाच्या जागी दोन टिंबं आणि तिरकी रेघ अशी माळ लावून फोल्डरच्या बाहेर जाईल आणि डेटाबेसच्या पासवर्डची कॉन्फिग फाइल ‘ऐकून’ येईल. पत्त्यात फक्त क्रमांक ठेवा, त्या क्रमांकाची फाइल कुठली हे डेटाबेसमधून बघा आणि ध्वनिमुद्रणं वेबच्या मूळ फोल्डरच्या बाहेर ठेवा. हे आज करा. बाकीचं सगळं उद्या केलंत तरी चालेल.

डाउनलोड कायमचं बंद करता येईल का?

नाही. जे कानापर्यंत पोचतं ते साठवताही येतं. ‘कंट्रोल्सलिस्ट’मध्ये ‘नोडाउनलोड’ लिहून क्रोममधलं बटण लपवता येतं, राइट क्लिक अडवता येतं. पण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दुवा उघडाच असतो. या मागे लागून प्लेअर असा काही गुंतागुंतीचा करून ठेवतात की स्क्रीन रीडरला प्लेचं बटणच सापडत नाही. सभासद तपासा, दुव्याला मुदत द्या आणि तिथे थांबा.

कोणता फॉरमॅट, किती केबीपीएस?

बोलण्यासाठी एमपीथ्री, मोनो, ६४ केबीपीएस. तासाला २८.८ एमबी. गाण्यासाठी स्टिरिओ आणि किमान १२८, म्हणजे तासाला ५७.६ एमबी, तानपुऱ्याची आस त्याखाली चिरकायला लागते. ओपस कमी जागेत जास्त चांगला आवाज देतो, पण जुन्या आयफोनवर ऑगमधलं ओपस वाजत नाही. एमपीथ्री सगळीकडे वाजते आणि २०१७ मध्ये तिच्या पेटंटचा परवाना कार्यक्रमही बंद झाला.

व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हॉइस नोट ओपसमध्ये असतात, आयफोनच्या व्हॉइस मेमो एमफोरएमध्ये. वाचनकट्ट्याची रेकॉर्डिंगं अशीच गोळा होतात. शेवटाचं नाव बदलून ‘.एमपीथ्री’ केल्याने आतला आवाज बदलत नाही, एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅममधून रूपांतर करून घ्या.

आणि एका पानावर वीस प्लेअर असतील तर प्रत्येकाला ‘प्रीलोड’ ‘नन’ द्या. ‘ऑटो’ ठेवलंत तर नुसती यादी बघायला आलेल्याचाही डेटा जातो.

कालावधी चुकीचा दिसतो. कधी कधी दिसतच नाही.

दिसत नसेल तर लांबीचा हेडर जात नाहीये. चुकीचा दिसत असेल तर एमपीथ्री व्हीबीआरची (बदलत्या केबीपीएसची) आहे आणि तिच्या सुरुवातीचा, एकूण लांबी सांगणारा झिंग हेडर कुठल्यातरी कापाकापीत गेलाय. मग ब्राउझर अंदाजाने मोजतो. लांब भाषणांसाठी सीबीआरच (एकसारखे केबीपीएस) वापरा, पट्टीही अचूक जागी जाते. एमफोरए उशिरा सुरू होत असेल तर तिची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी आहे. एफएफएमपेगचा ‘फास्टस्टार्ट’ पर्याय ती पुढे आणतो, आवाज पुन्हा एन्कोड न करता.

पान उघडताच आपोआप वाजावं असं अध्यक्षांचं म्हणणं आहे.

क्रोमने २०१८ पासून आणि सफारीने त्याच्याही आधीपासून हे अडवलं आहे. श्रोत्याने स्पर्श केल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. अध्यक्षांना सांगा, बटण मोठं करू.

जुन्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं चढवायला कुणाची परवानगी लागते?

वक्त्याची. रेकॉर्डिंग मंडळाने केलं म्हणून भाषण मंडळाचं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणाराच मानला आहे आणि व्याख्यान देणाऱ्याला ‘कलावंत’ म्हणूनही हक्क आहेत. वक्ते हयात नसतील तर वारसांकडून लेखी घ्या. घरचे बहुधा आनंदाने देतात. दृष्टिहीनांसाठी वाचलेल्या पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती करण्याची वेगळी तरतूद कायद्यात आली आणि २०१४ मध्ये याच विषयावरच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. पण ती सवलत त्या श्रोत्यांपुरती आहे, म्हणून अशा फाइलींच्या दारावर सभासद तपासणारी स्क्रिप्ट लागतेच.

सगळं नीट झालंय हे तपासायचं कसं?

कमांड लाइनवरच्या कर्ल या प्रोग्रॅमला ‘-आर ०-१’ (लहान लिपीतला आर) देऊन दुवा मागा आणि हेडर बघा. २०६ आणि दोन बाइट यायला हवेत. मग ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा ठेवून पट्टी शेवटाकडे न्या. नवी २०६ ची ओळ दिसली पाहिजे. त्यानंतर कुणाचा तरी खरा आयफोन मागून घ्या. आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्यापैकी एकाच्या हातात फोन देऊन शेजारी गप्प बसा.

किती जणांनी ऐकलं हे कसं मोजू? लॉगमध्ये एका व्याख्यानाला हजारो मागण्या दिसतात.

त्या मागण्या आहेत, श्रोते नाहीत. आयफोनवरचा एकच माणूस दोन बाइटची एक, मग तुकड्यांच्या अनेक आणि प्रत्येक सरकवण्याला नवी अशा कितीतरी मागण्या करतो. स्क्रिप्ट प्रत्येक मागणीला आकडा एकाने वाढवत असेल तर अहवालात छापलेली ‘श्रोतृसंख्या’ निव्वळ हवा आहे. फक्त शून्यापासून सुरू होणाऱ्या मागण्या मोजल्या तरी दोन बाइटची चाचणी त्यात येतेच, शिवाय प्रीलोडमुळे न ऐकणारेही येतात.

मोजणी पानावरच करा. ऑडिओच्या ‘टाइमअपडेट’ या घटनेवर लक्ष ठेवा, प्रत्यक्ष एक मिनिट ऐकून झालं की सर्व्हरला एकदाच कळवा आणि त्या भेटीपुरतं पुन्हा कळवू नका. पट्टी सरकवून ओलांडलेली मिनिटं धरू नका. आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली येईल. कार्यकारिणीच्या बैठकीत तोच सांगा.